बरं झालं विचारलं

लग्नाला गेल्यावर बाकीच्या बायका आधी नवरीचा शालू बघतात, मी हॉलची दारं बघते. किती आहेत, कुठल्या बाजूला उघडतात, एखाद्याला कुलूप तर घातलेलं नाही ना. मागच्या महिन्यात मुलगी मला सीवूड्सच्या मॉलमध्ये घेऊन गेली. वरच्या मजल्यावर जेवायला बसलो आणि मी ताट येण्याआधीच उठून जिना शोधायला निघाले. मुलगी म्हणाली, "आई, इथे तरी नको गं." मी म्हटलं, इथेच तर हवं. आमच्या टेबलापासून जिन्याच्या दारापर्यंत सत्तावीस पावलं भरली. मग मी येऊन निवांत डोसा खाल्ला.

ही खोड मला मामांनी लावली. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत, आमच्या कारखान्यातले मेंटेनन्सचे मामा. कारखाना खारी, टोस्ट आणि फरसाणाचा. भट्ट्या पाइपातून येणाऱ्या गॅसवर चालतात. मी पॅकिंगची सुपरवायझर. माझ्याकडे एक्केचाळीस बायका, निम्म्या आमच्या बोनकोड्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या, निम्म्या बाहेरून आलेल्या. मामा सांगलीकडचे. इतकी वर्षं इथे राहून त्यांचं बोलणं तिकडचंच राहिलं होतं. शिरवण्यात एका चाळीत खोली घेऊन एकटे राहायचे. मामी बऱ्याच आधी गेल्या होत्या.

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, मामा दाढीचा ब्रश ठेवायचे. दुसऱ्या खिशात साबणाच्या पाण्याची बाटली, पूर्वी खोकल्याच्या औषधाची असलेली. सकाळी आले की पाइपाला जिथे जिथे सांधा आहे, तिथे तिथे फेस लावत फिरायचे आणि डोळे बारीक करून बघत बसायचे. फेसाला बुडबुडा धरला म्हणजे तिथून गॅस गळतोय. "दाढी करून येतो," म्हणायचे आणि निघायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, हा माणूस कामावर येऊन दाढी करतो आणि तरी गालावर खुंट वाढलेले ते वाढलेलेच.

माझ्या घरी सत्यनारायण होता तेव्हा मी हौसेनं बोलावलं. मामा आले, चपला काढल्या आणि देवाला नमस्कार करायच्या आधी सरळ स्वयंपाकघरात. खिशातून ब्रश काढला आणि शेगडीच्या नळीला फेस लावायला सुरुवात. सासूबाई बोनकोड्याच्या, तोंडानं फटकळ. त्या दारातूनच म्हणाल्या, "यो मानूस परसादाला आला हाय का नलीची दाढी कराला?" मामांनी मागे वळूनही बघितलं नाही. तेवढ्यात रेग्युलेटरपाशी बुडबुडा आला, मोठा, चांगला लिंबाएवढा. मिस्टरांचा चेहरा पडला. पाहुण्यांसमोर घरची लाज निघाली असं वाटून ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. नळी मात्र त्याच संध्याकाळी बदलली.

त्या दिवशी प्रसाद खाता खाता त्यांनी सासूबाईंनाच शिकवणी लावली. "आजी, ह्यो सिलिंडरचा गॅस खाली बसतो, म्हाताऱ्या माणसागत. जमिनीलगत पसरतो. आमच्या कंपनीतला पाइपाचा गॅस वर चढतो, पोरागत. छताला जाऊन बसतो. म्हणून त्याला खाली शोधायचं न्हाई, वर शोधायचं." सासूबाईंनी मान हलवली आणि मामा निघून गेल्यावर मला विचारलं, "याचा डोका बरा हाय ना?"

नवीन मुलगी कामाला लागली की तिला टोपी-ॲप्रन मिळायच्या आधी मामा भेटायचे. नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. "पोरी, आग लागली तर कुठनं पळशील?" मुलगी बिचारी गांगरायची, माझ्याकडे बघायची. मग मामा तिला डोळे मिटायला लावायचे आणि भिंतीला हात लावून दारापर्यंत चालवायचे. पावलं मोजायला लावायचे. एक-दोघी पहिल्याच दिवशी घरी जाऊन म्हणाल्या, तिथला एक म्हातारा येडा आहे. मीसुद्धा मनात तेच म्हणायचे, खोटं कशाला सांगू.

आणि नाकाबद्दल तर त्यांचं काय वैर होतं कुणास ठाऊक. "नाकाला कामाला ठेवू नका," असं सारखं म्हणायचे. "दहा मिनटं काम करतं आन् झोपतं." आमच्या पॅकिंगला लागूनच मसाल्याची खोली. नवी मुलगी पहिल्या दिवशी हिंग-मिरचीच्या वासानं शिंकून शिंकून हैराण. चौथ्या दिवशी मामा तिच्यासमोर उभे. "मसाल्याचा वास येतोय का?" ती म्हणायची, "नाही मामा." "मग मसाला संपला म्हण की." मुलगी त्या खोलीकडे बघायची. तिथे पोती छातीपर्यंत रचलेली. मामा पुढे जायचे. दर वेळी तेच, मी पाच-सहा वर्षं हा खेळ बघितला.

म्हणून त्यांनी शेठच्या मागे लागून एक यंत्र आणवलं होतं. हातात मावणारं, गॅस सापडला की कर्कश ओरडणारं. आम्ही त्याला मीटर म्हणायचो. जाळी-जळमटं काढायचा एक लांब बांबू होता, त्याच्या टोकाला मामा ते मीटर सुतळीनं बांधायचे आणि देवाची काठी मिरवावी तसे छताखालून फिरवायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मामांना हसण्याचं काही वाटत नसे.

रागावलेले मामा मी कधी बघितले नाहीत. एकदा नवी आलेली एक पोरगी अचानक किंचाळली, "वास येतोय ना? गॅसचा?" सगळी लाइन बंद झाली. सगळ्यांना गेटवर काढलं. अर्धा तास शोधाशोध. शेवटी कुणाच्या तरी डब्यातलं सडलेलं उकडलेलं अंडं निघालं. गॅसला ओळखू यावा म्हणून जो वास मिसळतात तो तसाच, नासक्या अंड्यासारखा. प्रॉडक्शन मॅनेजर तिच्यावर तोंड सोडणार तेवढ्यात मामा मध्ये उभे राहिले. सगळ्यांच्या देखत तिला म्हणाले, "बरं झालं इचारलंस." कँटीनमधून तिच्यासाठी चहा आणवला. मग आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "शंभर बारी अंडं निघालं तरी चालतंय. इचारायचं सोडू नका." पुढे कुणीही काहीही विचारायला-सांगायला गेलं की तेच वाक्य. पंख्याचा आवाज वेगळा येतोय, बरं झालं विचारलं. वायर गरम लागतेय, बरं झालं विचारलं. आम्ही त्यांच्या मागे नकला करायचो. मॅनेजर रजेचा अर्ज घेऊन आलेल्या बाईवर खेकसला की आम्ही आपापसात म्हणायचो, बरं झालं विचारलं.

त्यांची एकच खोड मला अजिबात आवडायची नाही. दुपारी जेवायची वेळ झाली की डबा उघडून सरळ माझ्याकडे यायचे. पाण्याचा ग्लास नंतर, हात धुणं नंतर. डबा माझ्या नाकासमोर. "बगा ताई, कसा वास येतोय?"

मला वाटायचं, माणूस एकटा, हातानं रांधून खातो, कौतुकाची भूक आहे. पहिले काही महिने मी "छान येतोय हं" म्हटलं. मग कंटाळले. मग टोमणे मारायला लागले. "मामा, किती ते कौतुक स्वतःच्या हाताचं. वांग्याची भाजी ती, हॉटेल काढताय का?" ते हसायचे, पण डबा काही मागे घ्यायचे नाहीत, उत्तर मिळेपर्यंत तसाच धरून उभे. एकदा मी आठवडाभर रजेवर होते आणि मामा उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. मी आल्यावर कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, स्वतःच्या हातचं खाऊन दुसरं काय होणार. सगळे हसले. हे वाक्य आठवलं की अजून मला स्वतःची लाज वाटते.

आता खंडेनवमीचं सांगते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा धडाक्यात होते. भट्ट्यांना झेंडूच्या माळा, वजनकाट्यांना हळद-कुंकू, पाने, हातोड्या, पक्कड सगळं एका पाटावर ओळीनं मांडलेलं. दर वर्षी मी मामांचा दाढीचा ब्रशही त्या ओळीत ठेवायचे आणि त्याला कुंकू लावायचे. त्या वर्षी शेठनी नवी मोठी भट्टी घेतली होती. ती पेटवायची खंडेनवमीच्या मुहूर्तावर, सकाळी अकरा चाळीसला, पूजा झाली की लगेच. तिच्यासाठी गेटपासून भट्टीपर्यंत नवा पाइप टाकला होता.

नव्या पाइपात हवा असते. ती बाहेर ढकलून मग गॅस भरावा लागतो. फिटर लोक त्याला हवा काढणं म्हणतात. जुन्या फिटरांची पद्धत सोपी. भट्टीजवळचा सांधा सैल करायचा, मेन व्हॉल्व्ह उघडायचा, हॉलमध्ये हवा सुटू द्यायची आणि नाक लावून बसायचं. वास आला की गॅस आला, सांधा आवळायचा. मामा आठवडाभर शेठच्या केबिनच्या चकरा मारत होते. त्यांचं म्हणणं एकच. पाइपाचं तोंड छपरावर बाहेर काढा, तिथे मीटर धरा, माणसं गेटवर न्या, आणि दिवा-उदबत्ती सगळं भट्टी पेटल्यावर. "नवं मडकं पाणी पितं का न्हाई? तसा कोरा पाइप वास पितो. गॅस येतो, वास मागं ऱ्हातो." शेठ म्हणाले, "बघू." शेठ वाईट माणूस नाही. पण त्यांचं बघू आम्हाला माहीत आहे.

खंडेनवमीच्या सकाळी मामांना तुर्भ्याला काहीतरी पार्ट आणायला पाठवलं. मुद्दाम की योगायोगानं, मला माहीत नाही, आणि आता जाणून घ्यायचंही नाही.

अकरा वाजता आम्ही सगळे भट्टीच्या हॉलमध्ये. बायका नव्या साड्या नेसून आलेल्या. पंखे बंद, कारण समईची ज्योत हलायला नको. धुपाटण्यातून धूर निघतोय, पाच-सहा उदबत्त्यांचे पुडे लावलेले, झेंडूचा ढीग, बाजूच्या खोलीतून मसाल्याचा वास आहेच. कंत्राटदाराचा फिटर, चांगला पन्नाशीचा अनुभवी माणूस, भट्टीमागे उकिडवा बसून सैल केलेल्या सांध्याशी नाक लावून होता. मी त्याला बघितलं. मला काहीच वाटलं नाही. मामांनी मला मसाल्याचा खेळ इतक्या वेळा दाखवला होता आणि तरी मला काही वाटलं नाही.

मामा दारात आले तेव्हा हातात पार्टाचं खोकं होतं. फिटरला बघून ते तिथेच ठेवलं. "किती येळ झाला उघडून?"

"झाली असतील वीस मिनिटं," फिटर म्हणाला. "अजून वास नाही. आला की आवळतो."

मामा उलट्या पावली बाहेर गेले. गेटजवळच्या जाळीच्या खोलीत मेन व्हॉल्व्ह आहे, तो बंद केला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात. परत आले ते बांबू घेऊनच. मीटर चालू करून बांबू उभा केला. डोक्याच्या उंचीला ते गप्प होतं. मामांनी तो आणखी वर सरकवला आणि छताला हातभर राहिलं असताना मीटर ओरडायला लागलं. ओरडायचं थांबेना.

"ताई," मामा मला म्हणाले, "बायका बाहीर. आत्ता. चालतच जायचं, पळायचं न्हाई. बटणाला कुनी हात लावायचा न्हाई. चालू ते चालू, बंद ते बंद."

शेठच्या हातात आरतीचं ताट होतं, निरांजन लावलेलं. ते वैतागून म्हणाले, "मामा, पाच मिनिटं. आरती होऊ द्या. मुहूर्त निघून जाईल. धुराला ओरडतंय तुमचं ते यंत्र."

फिटरही उठला. त्याला त्याच्या अनुभवाचा अपमान वाटला असणार. "मला वास येत नाही. ह्या बायकांना येत नाही. शेठना येत नाही. मामा, तुम्हाला येतोय का? खरं सांगा."

सगळे मामांकडे बघायला लागले. मीही. मी वाट बघत होते की ते म्हणतील, येतोय. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणी काय तपासणार होतं?

मामा म्हणाले, "न्हाई येत."

पुढच्या दोघी-तिघी खुदकन हसल्या.

"मला कशाचाच वास येत न्हाई," मामा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, बांबू वर धरलेला. "अकरा वर्सं झाली. आदल्या कंपनीत अशीच हवा काढत हुतो. लोक म्हणायची, ह्याचं नाक लई तिखट. मी नाक लावलं आन् सांगितलं, वास न्हाई, गॅस न्हाई. माझ्या शबदावर जोडीदार पंखा लावायला गेला. बटण दाबलं आन् समदं पेटलं. त्यो जाग्यावर गेला. मला भितीवर फेकलं, डोस्कं आपटलं. तवापासनं धूप न्हाई, फूल न्हाई, काय न्हाई. कामावर ठेवनार न्हाईत म्हणून बोललो न्हाई. आज बोलतोय. तुमच्या समद्यांच्या नाकात धूप भरलाय. आत्ता तुमी आन् मी सारखंच. आता तरी बाहीर व्हा."

मीटर ओरडतच होतं. माझ्या डोळ्यांसमोर डबा आला. बगा ताई, कसा वास येतोय. रोज, सहा वर्षं. मला रडूच फुटणार होतं, पण समोर एक्केचाळीस जणी होत्या.

"चला," मी म्हटलं. "ओळीनं. मोबाइल पर्समध्येच राहू द्या. कुणी बटणाला हात लावायचा नाही."

एक जण भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे वळली होती, घाम आला म्हणून की सवयीनं, देव जाणे. मी तिचं मनगट धरलं ते दारापर्यंत सोडलं नाही. वळून बघते तर ठमाकाकी समईपुढे तशीच उभी. आमच्या गावची, सगळ्यांत जुनी पॅकर. मी म्हटलं, "काकी, तो दिवा शांत कर आणि ये."

"मी नाय करनार," ठमाकाकी म्हणाली. "देवाचा दिवा हाय तो. आमच्या घरान आजवर कुनी इझवला नाय."

तिला दोष देत नाही. खंडेनवमीला, भरल्या पूजेत, देवापुढचा दिवा विझवायचा म्हटलं तर मलाही ते जडच गेलं. मी परत आत गेले. समईच्या पाच वाती होत्या. चिमटीत धरून एकेक विझवली. बोटं भाजली, दोन दिवस फोड होते. मग तांब्यातलं पाणी धुपाटण्यावर आणि उदबत्त्यांवर ओतलं. देवाला म्हटलं, माफ कर, यांची पोरं घरी वाट बघतायत. मग शेठकडे बघितलं. शेठ छताकडे बघत होते, जिथे ते मीटर ओरडत होतं. त्यांनी खाली बघितलं आणि अंगठ्यानं निरांजनाची वात दाबली. माझ्यामागून बाहेर आले.

गेटवर आकडे घेतले. मामांनीच लावलेली पद्धत, प्रत्येकीनं आपला आकडा ओरडायचा. एक्केचाळीस भरले. ठमाकाकीचा आकडा सतरा. ती रडत रडत सतरा म्हणाली.

मुहूर्त टळला. मामांनी आत एकट्यानं जाऊन दारं-शटर हातानं उघडी टाकली आणि बाहेर येऊन बसले. मीटर गप्प व्हायला बराच वेळ लागला. शेठनी दोनदा किल्ली मागितली. "पाइप छपरावर न्या, किल्ली देतो," मामांचं एकच उत्तर. न्यायला दुपार झाली. फिटर आणि मामा दोघं वर चढले. फिटर खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. कुणी न विचारता मला सांगायला लागला, "मीटर ओरडत होतं आणि मला वास नव्हता, ताई. तोंडाशी नाक लावून बसलो होतो. किती तरी वेळानं आला." त्याला पाणी दिलं.

चार वाजता, आम्ही सगळे गेटवर असताना, भट्टी पेटली.

आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक हेच म्हणत होते. काहीच तर झालं नाही, उगाच मुहूर्त घालवला, देवाचा दिवा विझवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही झालं असतं तर तुम्हाला पटलं असतं का? तेव्हा पटवून घ्यायला तुमच्यातलं उरलं कोण असतं? मी हे तोंडावर बोलले आणि त्यापायी दोघांशी कायमचं वाकडं आलं. येऊ दे.

दिवाळीनंतर मामांना काढलं. शेठ मला म्हणाले, "ताई, वाईट मलाही वाटतं. पण वास न येणारा माणूस गॅसवर ठेवला, उद्या काही झालं तर लोक मला काय म्हणतील?" मामा भांडले नाहीत. त्यांना हे होणार हे त्या दिवशी बोलतानाच माहीत होतं. ब्रश आणि बाटली घेऊन गेले, बांबू माझ्या टेबलाला टेकवून ठेवला.

मी अधूनमधून शिरवण्याला जायचे. मामा गप्प बसणारे नव्हतेच. चाळीतल्या घरोघरी, वडापावच्या गाड्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर नळ्यांची दाढी करत फिरायचे आणि लोकांच्या शिव्या खायचे. डब्याचा वास शेजारची वहिनी घेते म्हणाले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "कशाची? तुमी रोज खरं सांगितलं की. टोमणा मारून का हुईना."

वर्ष उलटायच्या आत शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सेफ्टीचं काम तुम्ही बघा, त्या दिवशी बायकांना तुम्हीच बाहेर काढलंत. मी म्हटलं, बघते. पण पूजा आता गेटवर होईल, भट्टीपाशी नाही. नव्या पाइपाचं तोंड बाहेर निघेल, मग मुहूर्त असो नाहीतर नसो. आणि नव्या मुली येतील त्या दिवशी शिकवायला मामा येतील.

"तेवढं सोडून बोला," शेठ म्हणाले. "ज्याला वास येत नाही..."

"शेठ," मी म्हटलं, "त्या दिवशी वास येणारे आपण पन्नास जण होतो."

मी खुर्चीवरून उठले नाही. त्यांनी फोन घेतला, सह्या केल्या, चहा मागवला, मलाही दिला. मी चहा प्यायले आणि बसून राहिले. बाहेर पॅकिंगची लाइन माझी वाट बघत थांबली होती, ते त्यांना काचेतून दिसत होतं. ठमाकाकी तर सरळ काचेला नाक लावून उभी होती. तासाभरानं शेठ म्हणाले, "महिन्यातून एक दिवस. बास." मी म्हटलं, बास.

तेव्हापासून मामा महिन्यातून एकदा येतात. मागच्या खेपेला सात नव्या मुली होत्या. सकाळभर त्यांना डोळे मिटून चालवलं, मसाल्याचा वास विचारला, बांबू हातात दिला. एक मुलगी, ऐरोलीहून येते, जरा जास्तच चुणचुणीत. दुपारी मामा डबा उघडून सवयीनं माझ्याकडे यायला लागले, मी मुद्दाम मान वळवली आणि त्या मुलीकडे बोट केलं.

मामांनी डबा तिच्यापुढे धरला. "बग पोरी, कसा वास येतोय?"

मुलीनं वाकून वास घेतला. आमच्या जुन्या बायका जेवायच्या थांबल्या. मुलगी गोंधळली, माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे. पहिलाच दिवस, समोर वयस्कर माणूस, कौतुकाच्या अपेक्षेनं डबा धरून उभा. छान येतोय म्हणणं सोपं होतं, सुरुवातीला मीही तेच म्हणायचे.

"मामा," ती हळूच म्हणाली, "आमटी आंबलीय."

मामांनी झाकण लावलं. ठमाकाकीनं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि बोंबलाची चटणी त्यांच्यासमोर सरकवली. मामा त्या मुलीशेजारी बसले, आणि आम्ही ज्याची नक्कल करत आलो तेच वाक्य त्यांनी तिला सांगितलं.

"बरं झालं इचारलं," म्हणाले. फक्त या वेळी विचारलं होतं त्यांनी.